बाभळीपाशी कोतवाल

१

डबी रिकामी होती. केशरबाईंनी ती उलटी केली, हलवली, आतला निळ्या मखमलीचा तुकडा नखाने उचकटून पाहिला, आणि मग वेड्या आशेने टेबलाखालीही वाकून पाहिलं. घड्याळाची जुनी डबी ती. काल संध्याकाळी तिच्यात जे होतं, ते आता नव्हतं.

होतं काय, तर एक कडं. मळकट धातूचं, बोटात बसेल एवढं. रस्त्यात सापडलं असतं तर कुणी उचललंही नसतं. पण ते एका हंसाच्या पायातलं होतं आणि त्यावर परक्या लिपीतली झिजलेली अक्षरं होती. म्हणजे जगाच्या कुठल्याशा टोकाला कुणीतरी तो हंस हातात धरला होता, पायात कडं घालून सोडून दिला होता, आणि डोंगर ओलांडत तो थेट माळवंडीच्या तळ्यावर उतरला होता. गेल्या हिवाळ्यात गावच्या चंद्रभान पाटलांनी शहरातले बंदूकवाले पाहुणे बोलावले. ते बार काढून, हसून-खिदळून निघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी लव्हाळ्यात मरून पडलेला हा हंस केशरबाईंना सापडला.

केशरबाई माळवंडीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. परभणीच्या. वडील नागपूरहून दीक्षा घेऊन आले तेव्हा त्या परकरात होत्या. घरात शिकून नोकरीला लागलेलं पहिलं माणूस त्याच. हंस पाहून त्या आधी रडल्या आणि मग अर्ज लिहायला बसल्या. बंदुका बंद करा, तळ्याचं अभयारण्य करा. वर्षभर उत्तर एकच यायचं की असे पक्षी पुष्कळ तळ्यांवर येतात, तुमच्या तळ्याचं विशेष काय? विशेष होतं ते या डबीत. म्हणून तर सत्याहत्तर सालच्या माघात वनखात्याचे व्यंकटराव साहेब जीप घेऊन पाहणीला आले होते, आणि परभणीहून प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक दिनकरराव भिंग घेऊन आले होते.

काल तळ्याकाठच्या सरकारी बंगल्यावर पोचेपर्यंत उजेड कमी झाला. अक्षरं सकाळी वाचू, असं ठरलं. डबी साहेबांच्या खोलीतल्या टेबलावर राहिली आणि मंडळी व्हरांड्यात चहाला बसली. दिनकररावांना तोंड बंद ठेवून पक्षी बघता येत नसत. तारेवर दुभंगल्या शेपटीचा एक काळा पक्षी येऊन बसला तसे ते म्हणाले, हा कोतवाल. बंगल्यावर स्वयंपाक करणाऱ्या सुलाबाई चहा ओतत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"आमी तर ह्याला कोळसा म्हंतो. कोतवाल हाय मंता, तर मंग ह्याला पगार कोन देतंय?"

सगळे हसले होते. आता सकाळी त्याच व्हरांड्यात कुणाला हसू येत नव्हतं. साहेब चूळ भरायला बाहेर गेले तेवढ्यात कुणीतरी हात मारला होता. "बाई, कडं असतं तर आज इथे बसून शिफारस लिहिली असती," व्यंकटराव म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण सरकारी होता. "नुसत्या पक्ष्यांवर वरचे लोक ऐकणार नाहीत. जेवण झालं की मला निघावं लागेल."

म्हणजे जेवणापर्यंत कडं सापडलं तर ठीक. नाहीतर पुढच्या हिवाळ्यात हंस येणार, आणि त्यांच्या मागोमाग बंदुका.

तेवढ्यात बंदोबस्ताला आलेले पंडितराव हवालदार मिशीवर हात फिरवत व्हरांड्याच्या पायऱ्या चढले. चोर सापडला म्हणाले.

२

चोर जीपच्या मागच्या बाजूला बसवला होता. गावचा परीट, बन्सीधर. मांडीवर साहेबांच्या इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं तसंच होतं आणि चेहरा धुतल्या कपड्यासारखा पांढरा पडला होता.

पंडितरावांचा तर्क सरळ होता. समोरच्या व्हरांड्यात पहाटेपासून कोण बसलं होतं? दिनकरराव. त्यांना पंडितरावांनी विचारलं, साहेब, सकाळपासून इकडे कोण कोण आलं? दिनकरराव म्हणाले, कुणीच नाही हो, एक परीट तेवढा आला, पायरीवर जरा वेळ घुटमळला आणि पाण्याकडे निघून गेला. एवढा शिकलेला साक्षीदार. पंडितराव तडक घाटावर गेले. तिथे बन्सीधर पाण्यात उभा. शिवाय कारणही होतं: अभयारण्य झालं तर धुण्याचा घाट बंद होईल, असं त्याने परवाच चार लोकांत बोलून दाखवलं होतं.

केशरबाईंना काहीतरी खटकलं. बन्सीधर समोरच्या पायरीवर कधी पाऊल ठेवत नसे. वर्षानुवर्षं तो मागच्या दारानेच कपडे द्यायचा. त्यांनी दिनकररावांना विचारलं, तो परीट चालत कसा होता?

"चालण्याचं काय, दुडुदुडु," दिनकरराव दुर्बीण पुसत म्हणाले. "आणि शेपटी सारखी वरखाली."

पंडितरावांचा हात मिशीवरच थांबला. परीट नावाचा पक्षी असतो, पाण्याच्या काठाने शेपटी हलवत फिरतो, हे त्यांना कुणी समजावून सांगायच्या आतच जीपमधून बारीक आवाज आला.

"साहेब, मला शेपटी न्हाई."

मग मात्र सगळे पोट धरून हसले. जीपचा ड्रायव्हर तर चाकाला टेकून खालीच बसला. पंडितरावांनी बन्सीधरला स्वतः हात देऊन उतरवलं, त्याचं गाठोडं उचलून दिलं आणि टोपी नीट करत जाहीर केलं की आता या चौकशीत पाखरं बास, फक्त माणसं. त्यांची बिचाऱ्यांची फजितीच तशी झाली होती. पण या हसण्याने पुढे घात केला, तो असा.

३

चौकशी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. संशय सगळ्यांचा एकावरच: चंद्रभान पाटील. तळ्यावर शिकारीचे पाहुणे आणायचे ते त्यांनी, बंदी आली तर त्यांची मिजास जाणार, आणि काल संध्याकाळी साहेबांसाठी दुधाची कळशी घेऊन ते स्वतः बंगल्यावर येऊन गेले होते. डबी त्यांनी पाहिली होती. केशरबाई आणि पंडितराव त्यांच्या खळ्यावर गेले.

पाटील खाटेवर बसून ज्वारीची मळणी बघत होते. त्यांनी दोघांना चहा मागवला आणि खळ्यावरची माणसं हाताने दाखवली. उजाडायच्या आधीपासून ते इथून हलले नव्हते, आणि ते बघणारे डोळे भरपूर होते. केशरबाईंनी एकेकाला विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं, आणि त्यातले दोघे तर पाटलांशी भांडण असलेले होते.

"म्या कशाला चोरू, बाई?" पाटील गालात हसत म्हणाले. "तुमच्या अरण्याला गावच आडवं पडंल. गावाला कुठं अरण्य पायजे?"

केशरबाईंना राग आला, आणि रागात माणूस नीट ऐकत नाही. एरवी पोरांच्या निबंधातला एक चुकलेला शब्द त्यांच्या नजरेतून सुटत नसे. हा सुटला.

परत आल्यावर ड्रायव्हरची झडती झाली. खिशात विड्या आणि देवीचा फोटो, बाकी काही नाही. मग सुलाबाईंची पाळी. त्या पहाटेपासून मागच्या बाजूला चुलीपाशी होत्या. कुणी आलं का मागे?

"कुत्रं आलतं, हाकललं. मंग कोतवाल बसला व्हता बाभळीपाशी. मंग हा डायवर पानी मागाया आला..."

पंडितरावांनी हात वर केला. "सुलाबाई, पाखरं नकोत म्हणालो ना."

दिनकररावांनी मान डोलावली. बाभळ ही कोतवालाची आवडती जागा, म्हणाले. तिथून किडे टिपायला बरं पडतं. सुलाबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, शहाणी माणसं दिसतात म्हणून काही बोलल्या नाहीत आणि भाकरी थापायला निघून गेल्या. केशरबाईही हसल्या होत्या. गावचा कोतवाल सिताराम कालच टपाल घेऊन ताडकळसला गेला होता, आज तिथला बाजार करून संध्याकाळी येणार होता. सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हणजे बाभळीपाशी होता तो पक्षीच.

एकच वस्तू हाती लागली. टेबलाच्या पायाशी, मागच्या दाराच्या बाजूला, एक कोवळा हिरवा डहाळा पडला होता, बारीक पानांचा. केशरबाईंनी तो उचलून रिकाम्या डबीत ठेवला. हाताला ओलसर लागला.

चुलीवरून भाकरीचा वास यायला लागला होता. जेवण होत आलं होतं.

४

केशरबाई तळ्याच्या काठाशी जाऊन बसल्या. समोर पाण्यावर हंस होते. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या ओढलेले, शांत, आपापसात कुजबुजणारे. त्यांना काय माहीत, आज आपल्यासाठी कोण कुठे धावतंय. केशरबाईंना फार वाईट वाटलं. वर्षभर आपण सरकारला समजावत बसलो आणि गावातल्याच कुणीतरी आपला हात रिकामा केला, हे त्यांना सोसत नव्हतं.

काठावर एक म्हैस चरत होती. तिच्या पाठीवर तो दुभंगल्या शेपटीचा काळा पक्षी येऊन बसला, आणि म्हैस राखणारी बायनाबाई काठी उगारून म्हणाली, "हुश्श, कोळशा."

कोळसा. केशरबाई एकदम उभ्या राहिल्या.

काल संध्याकाळी सुलाबाईही हेच म्हणाल्या होत्या. आमी ह्याला कोळसा म्हंतो. पक्ष्याला कोतवाल म्हणतात याची तर त्यांनी थट्टा केली होती. ज्या नावाला माणूस संध्याकाळी हसतो, तेच नाव सकाळी पोलिसासमोर साक्ष देताना सहज कसं वापरेल? सुलाबाईंच्या तोंडी तो काळा पक्षी जन्मभर कोळसाच. मग त्यांच्या तोंडी कोतवाल कोण?

पहिल्या वेळी पाखराला माणूस समजून सगळे फसले होते. त्या फजितीच्या धाकाने दुसऱ्या वेळी माणसाला पाखरू समजून बसले होते.

त्या धावतच मागच्या चुलीपाशी गेल्या आणि सुलाबाईंना एकच प्रश्न विचारला: सकाळी बाभळीपाशी जो कोतवाल होता, त्याने चहा घेतला का?

"न्हाई. म्या इचारलं, घोटभर च्या घ्या, तर नगं मनले. तोंड लय उतरलं व्हतं." सुलाबाईंनी भाकरी उलथली. "मी सांगाय लागले, तर हवालदार मनले पाखरं नकोत. मला वाटलं, सितारामला पाखरू म्हनायची सरकारी रीत असंल."

केशरबाईंनी डबीतला डहाळा काढून जिभेला लावला. आंबट. हरभरा. पानांवरची आंब अजून तशीच होती. गावातला हरभरा तर कधीच उपटून खळ्यावर गेला होता. हिरवा हरभरा आता एकाच ठिकाणी होता: तळ्याचं पाणी ओसरतं तशी मागे मोकळी होणारी जमीन, तिथल्या उशिरा पेरलेल्या गाळपेरात. आणि बंगल्याच्या मागच्या दारालगतचा गाळपेराचा तुकडा कोतवालाचा होता.

५

सिताराम हरभऱ्याच्या कडेला उकिडवा बसला होता. बाजूला टपालाची रिकामी पिशवी. बाई येताना दिसल्या तसा तो उठला नाही, पळाला नाही. जणू वाटच बघत होता.

केशरबाईंच्या मनात कितीतरी बोलणी होती. ती सगळी त्याच्या तोंडाकडे बघून आतच राहिली. त्या बांधावर बसल्या. हळू आवाजात विचारलं, "सितारामभाऊ, कामून केलं?"

 तो तुटक तुटक सांगायला लागला. ताडकळसला तो कालच टपाल देऊन रातोरात परत आला होता. त्याला झोप लागत नव्हती. सहा-सात दिवसांपूर्वी साहेब येणार म्हणून दवंडी द्यायची होती. ग्रामपंचायतीने शब्द सांगितले, तळ्याचं अभयारण्य होणार. त्याने गल्लोगल्ली हलगी वाजवून तेच सांगितलं. पण शब्द त्यालाच कळला नव्हता. म्हणून त्याने पाटलांना विचारलं.

"पाटील मनले, अरन्य मंजी रान. रान करायचं तर गाव उठवावं लागतंय. जीप आली की समज, मनले." त्याने तळ्याकडे हात केला. "बाई, माझं पयलं गाव धरनात गेलं. तवाबी दवंडीच झालती. घर, देवळाचं जोतं, समदं पान्याखाली. सासुरवाडीला येऊन ऱ्हायलो, ह्या गाळात चार दानं पेरायला लागलो. आन आता मीच हलगी वाजवून गाव उठवायलो, असं वाटलं. कडं न्हाई, तर रान न्हाई. काल टपालाला निघतानी तुमीच मनलाव ना, समदं त्या कड्यावर हाय. सकाळी मागल्या दारातनं टेबलावर डबी दिसली."

नसबंदीच्या त्या दिवसांत गावात सरकारी जीप शिरली की तरणे गडी ज्वारीत शिरायचे. सरकार काय उचलून नेईल याचा नेम नव्हता. अशा काळात केशरबाईंनी अर्जावर अर्ज लिहिले, साहेबांना बोलावलं, अभयारण्य हा शब्द पानोपानी अभिमानाने काढला. आणि गावात एका माणसालाही त्याचा अर्थ सांगितला नाही. मराठी शिकवणाऱ्या बाईंना स्वतःची लाज वाटली. पाटलांनी डबीला बोटही लावलं नव्हतं. त्यांनी फक्त एका शब्दाचं अर्धं तोडून दिलं होतं.

कडं कुठे आहे, हे विचारायला त्यांना भीती वाटत होती. समोर एवढं मोठं तळं होतं.

सितारामने कमरेची चंची सोडली. सुपारीच्या खांडांत हात घालून ते कडं काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"पान्यात टाकाया गेलतो. थितं त्येच बसलेले व्हते, हंस. त्येंच्यासमोर टाकवंना."

६

व्यंकटराव हात धुऊन उठले होते आणि ड्रायव्हर सामान बांधत होता, तेव्हा केशरबाई सितारामला घेऊन आल्या. कडं त्यांनी स्वतः दिलं नाही. सितारामनेच ते टेबलावर ठेवलं आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. सुलाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. पंडितराव एकदा सितारामकडे, एकदा तारेवरच्या काळ्या पक्ष्याकडे बघत होते.

गुन्हा तर झाला होता, पंडितराव म्हणाले. केशरबाई म्हणाल्या की वस्तू माझी होती, ती मिळाली, माझी तक्रार नाही. आणि तुम्ही लिहिणारच असाल तर बन्सीधरला उगाच धरल्याचंही लिहा. पंडितरावांनी ते तिथेच सोडून दिलं.

व्यंकटराव सितारामकडे वळले. आता ते सरकारी राहिले नव्हते. अभय म्हणजे भीती नसणं, असं त्यांनी सांगितलं. गाव हलणार नाही, घाट राहील, गाळपेरही राहील. तसं मी शिफारशीतच लिहितो आणि इथे सगळ्यांना वाचून दाखवून मगच सही करतो. बंद होईल ती फक्त बंदूक. मग त्यांनी विचारलं, हंस तुझा हरभरा खातील, ते चालेल का?

"आत्ताबी खातेत की," सिताराम म्हणाला. "त्येंचं वाटनीचं सोडूनच पेरतो."

दिनकररावांनी भिंग काढलं आणि कडं उन्हात धरलं. एकेक अक्षर उजेडात आलं तसे ते कड्यावर आणखी वाकले. एवढ्या लांबून, म्हणत राहिले, एवढ्या लांबून. जीप त्या दिवशी जेवणानंतर निघाली नाही. शिफारस लिहून, वाचून, सही होईपर्यंत उन्हं कलली.

साहेब गेल्यावर सिताराम हलगी घेऊन शाळेच्या दारात आला. दवंडी द्यायची होती. "बाई, शब्द सांगा," म्हणाला.

केशरबाई काहीतरी सांगणार होत्या, पण थांबल्या. म्हणाल्या, "या खेपेला शब्द तुमचे, भाऊ."

त्याने जरा विचार केला आणि निघाला. केशरबाई शाळेच्या पायरीवर उभ्या राहून ऐकत होत्या. हलगी बन्सीधरच्या गल्लीतून गेली, बौद्धवाड्यातून गेली, बंगल्याच्या रस्त्याने फिरून चंद्रभान पाटलांच्या दारासमोर आली. तिथे ती थांबली आणि नेहमीपेक्षा जोरात वाजली.

"आयका मंडळी, आयका. तळ्यावरच्या पाखराला कुनी भेव दाखवायचं न्हाई. बंदूक आनायची न्हाई. गाव हितंच हाय, गाळपेर हितंच हाय. पाखराला अभय हाय." जरा वेळ नुसती हलगी वाजली. "आन मानसालाबी हाय."

तळ्यावरून हंस उठले, गावावरून एक फेरी मारली आणि पुन्हा पाण्यावर उतरले. सिताराम पुढच्या गल्लीत गेला.